चकचकीत बाजू वर

“हात लावू नका त्याला,” मुनाफ म्हणाला.

पाध्ये सरांचा हात भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबला. टाचणी काढायला पुढे केलेली दोन बोटं तशीच हवेत राहिली.

“अरे, तूच म्हणतोस ना उलटं छापलंय म्हणून? मग काढून टाकतो मी.”

“टाकणार कुठे, सर? कचऱ्यात? कुराणातली आयत आहे ती. उलटी झाली तरी आयत आहे.”

सरांनी हात खाली घेतला. शाळेच्या हॉलमध्ये एवढी माणसं, पण पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. सकाळी प्रदर्शन उघडलं तेव्हा सगळे मिसळून फिरत होते. चर्चमधून मिस्सा आटोपून आलेल्या बायका, आमच्या मोहल्ल्यातल्या बुरख्यातल्या बायका, एकमेकींच्या पोरांनी काढलेले फोटो बघून हसतही होत्या. आता मधल्या सतरंजीचा पट्टा मोकळा पडला होता. खिडकीकडे ते, दाराकडे आम्ही.

भिंतीवर माझी दादी होती. कॉटवर बसलेली, ओढणी हनुवटीपर्यंत ओढून घेतलेली, मांडीवरच्या हातात जपाच्या माळेचे, तसबीहचे मणी. तिच्या खांद्यावरच्या कोनाड्यात आजोबांनी हजहून आणलेली आयतुल कुर्सीची तसबीर. तसबिरीतली सगळी अक्षरं उलटी. आरशात दिसावीत तशी.

“उलटी आयत कोण लिहितं, ठाऊक आहे ना सगळ्यांना?” मुनाफ आता आमच्या बाजूला वळून बोलत होता. “करणी करणारे लिहितात. आणि खाली माझी दादी बसवलीय.”

मुनाफ माझा चुलतभाऊ. मोठ्या अब्बांचा मुलगा. माझे अब्बा जहाजावर असायचे, त्यामुळे घर मोठ्या अब्बांच्या शब्दावर चालायचं. ते दाराशी खुर्चीत बसले होते. अजून एक शब्द बोलले नव्हते, आणि मला त्याचीच भीती वाटत होती.

मी तेव्हा नववीत होते. आमचं गाव वसईच्या पट्ट्यातलं. एका अंगाला केळीच्या वाड्या आणि ख्रिस्ती आळ्या, दुसऱ्या अंगाला आमचा मोहल्ला, मध्ये गोड्या पाण्याचं जुनं बावखल. आदल्या वर्षी गुड फ्रायडेची मिरवणूक मशिदीवरून जात होती, आणि शुक्रवार म्हणजे आमचा जुमा. नमाज सुटायची आणि मिरवणूक यायची एकच वेळ झाली. आधी धक्का कोणी दिला यावर गावात आजही एकमत नाही. एका माणसाचं डोकं फुटलं, बावखलाच्या काठावर पोलिस बसले, आणि शाळेत आमचे बाक वेगळे झाले. कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीच उठून वेगळे बसलो.

पाध्ये सर ड्रॉइंग शिकवायचे. त्यांच्याकडे स्वतःचा एक कॅमेरा होता आणि प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत त्यांनी काळे पडदे लावून डार्करूम केली होती. त्यांनी जोड्या लावल्या. एक मोहल्ल्यातला, एक आळीतला. एकमेकांच्या घरी जायचं आणि तिथे रोज काय करतात त्याचा फोटो काढायचा.

“सणाचा नको,” ते म्हणाले होते. “सणाला सगळेच चांगले दिसतात. रोजचा नेम काढून आणा.”

माझ्या जोडीला रेजिना परेरा आली. हाडकुळी, कमी बोलणारी, कानात सोन्याच्या बारीक रिंगा. मोठ्या अब्बांना विचारलं तेव्हा ते पेपर वाचत होते. “शाळेचं काम आहे तर जा,” म्हणाले. “पण त्यांच्या ओट्यापर्यंत. आत नाही.”

रेजिना आमच्याकडे आली ते मात्र दादीच्या हुकमाने. “माझ्या खोलीत कोण यावं ते मी सांगेन,” दादी म्हणाली. ती साऱ्या मोहल्ल्यातल्या मुलींना कुराण शिकवायची. तिच्यापुढे मोठे अब्बासुद्धा आवाज चढवत नसत. चेहऱ्याचा फोटो तिला चालणार नव्हता. “माझ्या मण्यांचा काढ,” ती रेजिनाला म्हणाली. “तोंडात आता काय राहिलंय बघण्यासारखं?” त्या दिवसांत दादीचे नफली, म्हणजे आपखुशीचे रोजे चालू होते, एकामागून एक. सगळे एका थाळ्यावर जेवायला बसलो की ती आपल्या खोलीत असायची. मी रेजिनासाठी सरबत करायला आत गेले, परत आले तोवर फोटो काढून झाला होता.

कॅमेरा एकच, त्यामुळे दोघींचे फोटो एकाच रोलवर. पण धुवायला आणि छापायला मी गेले नाही. अंधाऱ्या खोलीत, पडदे ओढून, सरांबरोबर? घरी विचारायचीही सोय नव्हती. छापले ते रेजिनाने.

“कोणी छापला हा?” मुनाफने विचारलं.

“मी,” रेजिना म्हणाली. ती स्टेजच्या पायरीपाशी उभी होती, रविवारचा पांढरा फ्रॉक घालून.

“मुद्दाम?”

तिची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली.

“बाळ, सांग ना, चुकून झालं म्हणून,” पाध्ये सर म्हणाले.

ती सरांकडे बघत राहिली. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले. मला तिचा राग आला. दोन शब्द तर बोलायचे होते. चुकून झालं. मोहल्ल्यातली निम्मी माणसं तेवढ्यावर घरी गेली असती.

“पोरीला जाब कसला विचारता?” खिडकीकडून एक जण पुढे आला. “मागच्या वर्षी आम्ही विचारला होता का कोणाला?”

“मागच्या वर्षीचं काढायचं असेल तर काढू की,” आमच्याकडून कोणीतरी म्हणालं.

एक लोखंडी खुर्ची पडली. बायका पोरांना जवळ घेऊ लागल्या.

मी हॉलबाहेर पडले. कोणाला वाटलं असेल पळाली. शाळेच्या नळावर मी वजू केला, आयतीला हात लावण्याआधी करतात तो. हात, तोंड, कोपरापर्यंत, डोक्यावरून ओला हात, पाय. ओल्या पायांनीच परत आले आणि भिंतीशी गेले.

“मैमूना,” मुनाफ म्हणाला.

“वजू आहे माझा,” मी म्हणाले. माझा आवाज मुळातच बारीक. तेव्हा तर मलाच नीट ऐकू आला नाही. मी एकेक टाचणी काढली. फोटो दोन्ही हातांवर घेतला, छातीशी धरला. तेव्हा शेजारचा फोटो माझ्या डोळ्यांसमोर आला.

तो मी काढलेला होता. रेजिनाची आजी, कात्रीन आजी, संध्याकाळची घंटा झाल्यावर घरातल्या देवाच्या आल्तारासमोर क्रुसाची खूण करताना. बोटं कपाळापाशी. त्यातलं मधलं बोट अर्धंच. केळीचा लोंगर कापताना कोयता लागून गेलेलं. फोटो काढताना मी त्या बोटाकडेच बघत होते.

फोटोतला तो हात डावा होता.

हॉलमध्ये सगळ्यांनी तो फोटो सकाळपासून पाहिला होता. खुद्द रेजिनाच्या घरच्यांनी पाहिला होता. कोणाला कळलं नव्हतं.

कात्रीन आजी खिडकीपाशी बाकावर बसली होती, तांबड्या लुगड्यात. मी मधली सतरंजी ओलांडून तिच्यापुढे उभी राहिले.

“आजी, तुम्ही रोज करता ती खूण करा ना.”

“इथं?” तिने इकडेतिकडे पाहिलं. “का गो बाय?”

“करा ना. रोजच्यासारखी.”

“आई, काही करू नको तू,” मागून तिचा मुलगा म्हणाला.

“का? देव हॉलात येत नाय काय?” ती गुडघ्यावर हात रेटून उठली. आमच्या सगळ्या माणसांसमोर तिने सावकाश कपाळाला बोटं लावली, मग छातीला, मग दोन्ही खांद्यांना, आणि पुटपुटली, “पित्याच्या, पुत्राच्या…” मुनाफने नजर खाली केली. दाराकडे कोणी खाकरलंही नाही.

अर्धं बोट उजव्या हाताचं होतं.

“आता हा बघा,” मी भिंतीकडे बोट केलं. “यातही आजीचा हात उलटा आलाय. निगेटिव्हची पट्टी एकच आहे, दोन्ही फोटो शेजारशेजारचे. पट्टीच उलटी लागली असणार.”

पाध्ये सर जवळ जाऊन बघू लागले. “बरोबर,” ते स्वतःशी म्हणाले. “अरे, बरोबर. लुगड्याचा पदरसुद्धा…”

मोठे अब्बा खुर्चीतून उठले. गर्दीने त्यांना वाट दिली. त्यांनी कात्रीन आजीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

“हा कोणी काढला?”

“मी.”

“कुठे?”

“त्यांच्या आल्तारापुढे.”

“ओट्यावरून आल्तार दिसतो?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली. हिशेब जुळल्यावर हलवतात तशी. “घरी जाताना दप्तर घेऊन चल,” ते हळूच म्हणाले. एवढंच. आमच्या घरात याचा अर्थ मला ठाऊक होता. थोरली चुलतबहीण आठवीतून अशीच दप्तर घेऊन आली होती, ती पुन्हा शाळेत गेली नाही.

मग ते सरांकडे वळले. “पट्टी उलटी लागली. मानलं. पण मग ही मुलगी तसं म्हणत का नाही?”

“घाबरलीय हो ती.”

“ती घाबरलेली नाही, मास्तर. घाबरलेली माणसं मी पाहिलीत.” त्यांनी रेजिनाकडे पाहिलं. “पट्टी आहे ना तुमच्याकडे? मग आत्ता, माझ्यासमोर, पुन्हा छापा. आयत सुलटी आली तर मी या सगळ्यांना घरी पाठवतो.”

“नको,” रेजिना म्हणाली.

तिने पहिल्यांदाच आपणहून तोंड उघडलं, आणि ते असं.

“ऐकलंत?” मुनाफ म्हणाला. “सुलटी छापायला नको म्हणते.”

“पुन्हा नको छापायला,” रेजिना म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “हवं तर मला शाळेतून काढा.”

आता तिची माणसंही तिच्याकडे चमकून बघायला लागली. तिचा बाप पुढे झाला. तो तिला मारणार की आमच्यातल्या कोणाला, ते त्यालाही ठाऊक नसावं. तेवढ्यात दारातली गर्दी हलली.

दादी आली होती. कोणीतरी घरी जाऊन सांगितलं असणार. शेजारच्या मुलीच्या खांद्यावर डावा हात, उजवा ओढणीत. मला वाटलं ती मुनाफला विचारील, मोठ्या अब्बांना विचारील. ती सरळ माझ्याकडे आली. माझ्या हातातला फोटो तिने पाहिला. आधी आयत. मग खाली. खालीच जास्त वेळ पाहत राहिली.

“हिनेच छापला?” तिने रेजिनाकडे बघून विचारलं.

“हो.”

“चल पोरी,” दादी रेजिनाला म्हणाली. “पुन्हा छापू.”

“दादी, पण तुम्ही…” रेजिना म्हणाली.

“चल म्हटलं ना. मैमूना, तूही चल. तीन बाया असलो की बोलायला कोणाला जागा नाही.”

डार्करूममध्ये आंबूस वास होता. तांबडा दिवा लावल्यावर सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे झाले. दादी स्टुलावर बसली. पडद्याबाहेर सर आणि मोठे अब्बा उभे होते. त्यांच्या चपलांची चाळवाचाळव ऐकू येत होती. रेजिनाने पट्टी हातात घेतली आणि तशीच उभी राहिली.

“चकचकीत बाजू वर, रेजिना,” सर बाहेरून म्हणाले.

“ठाऊक आहे, सर.”

ते ती ज्या तऱ्हेने म्हणाली, त्यावरून मला कळलं. तिला ठाऊक होतं. पहिल्यांदा छापतानाही ठाऊक असणार.

तिने पट्टी बसवली, दिवा पेटवला, विझवला, कागद पाण्यासारख्या दिसणाऱ्या द्रावात सोडला आणि ट्रे हलवू लागली. कागद कोराच होता. मग एका कोपऱ्यात करडा ठिपका उठला. मग कोनाड्याची कमान. मग अक्षरं.

“बिस्मिल्ला,” दादी म्हणाली. वाकून, उजवीकडून डावीकडे, ती ओठांतल्या ओठांत वाचू लागली. एक अक्षर चुकलेलं नव्हतं. मी सुटकेचा श्वास घेतला, आणि मग कागदावर खालचा भाग उमटला.

तसबीह डाव्या हातात होती.

उजवा हात मांडीवर पडला होता, तळवा वर, बोटं अर्धवट वळलेली. कोणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखा.

मी दादीकडे पाहिलं. ओढणीत लपलेल्या तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

“तू सरबत आणायला गेलीस ना,” रेजिना ट्रेकडे बघत हळू आवाजात म्हणाली, “तेव्हा दादी मणी घ्यायला उजवा हात उचलायला गेल्या, आणि तो उचललाच गेला नाही. मग डाव्याने घेतले. मला म्हणाल्या, हे कोणाला दिसू देऊ नकोस. पण फोटोत दिसतच होतं. म्हणून मी उलटी लावली पट्टी. उलटी लावली की मणी बरोबर हातात आले. मग आजीचा फोटोही तसाच छापला गेला, परत फिरवायचं सुचलं नाही.”

“आणि आयत?”

“मला वाटलं वेलबुट्टी आहे.” तिने बाहीने नाक पुसलं. “आमचा क्रूस उलटा केला तरी क्रूसच दिसतो. मला वाटलं तुमचंही तसंच असेल.”

“मग बाहेर का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? चुकून झालं म्हणू? चुकून नव्हतं झालं. आणि मुद्दाम म्हटलं तर का ते सांगावं लागतं.”

दादीने डावा हात लांब करून तिच्या डोक्यावर ठेवला. “उजव्याने घास उचलत नाही गो आता,” ती मला म्हणाली. “आयुष्यभर पोरींना सांगत आले, डाव्याने खाऊ नका. मग आता सगळ्यांसमोर थाळ्यात डावा हात घालू? त्यापेक्षा रोजे बरे.”

“आली का सुलटी?” बाहेरून मोठ्या अब्बांचा आवाज आला.

रेजिनाने कागद पुढच्या ट्रेमध्ये टाकला होता. ती दादीकडे बघत होती. मीही. अजून वेळ होता. आली म्हणून सांगता आलं असतं, आणि दाखवताना खराब झाली म्हणता आलं असतं.

“दाखव त्याला,” दादी म्हणाली.

पडदा सरला. मोठ्या अब्बांनी ओला फोटो दोन्ही हातांनी कडेला धरला. आयत त्यांनी शेवटपर्यंत वाचली, हलक्या आवाजात, डोळे अक्षरांवरून न हलवता. मग डोळे खाली गेले.

“अम्मा, तसबीह…” ते म्हणाले आणि थांबले.

दादीने ओढणी बाजूला केली. तिने हात उचलून दाखवला नाही. उचलता येत नव्हता.

“कधीपासून?”

“मोहरमच्या आधीपासून.”

मोठ्या अब्बांनी रेजिनाकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, पांढऱ्या फ्रॉकवर औषधाचे डाग. मी त्यांच्या तोंडावर ते कळताना पाहिलं: उलटा फोटो, मिटलेले ओठ, नको म्हणणं, सगळं.

हॉलमध्ये ते स्टेजच्या पायरीवर चढले. फोटो वर धरला. “बघा,” ते म्हणाले. “मुनाफ, पुढे ये. वाच.”

मुनाफने वाचलं. मागच्या दोन म्हाताऱ्यांनीही येऊन वाचलं.

“आयत बरोबर आहे. पट्टी उलटी लागली होती. आता घरी जा सगळे.”

लोक पांगू लागले. खुर्च्या सरकल्या, पोरं धावली, कात्रीन आजीने कोणाला तरी विचारलं की चहा आहे की नाही. मी खालून मोठ्या अब्बांकडे बघत होते. फोटो त्यांनी अजून धरलेलाच होता. एका हाताने वरची कड, आणि दुसऱ्या हाताचा पंजा फोटोच्या खालच्या भागावर, पसरून, असा की आयत सगळ्यांना दिसावी आणि दादीचे हात कोणालाच नाही. ओला कागद त्यांच्या तळव्याला चिकटला होता. शेवटचा माणूस बाहेर जाईपर्यंत त्यांनी पंजा हलवला नाही.

घरी जाताना दादी रिक्षात होती आणि आम्ही मागून चालत होतो. बावखलाच्या वळणावर ते म्हणाले, “दप्तर?”

“वर्गातच राहिलं.” मला रडू फुटायला आलं. “जाऊन आणते.”

“राहू दे. उद्या तिथेच लागेल ना.” चार पावलं गेल्यावर म्हणाले, “आणि त्या आजींना माझा सलाम सांग.” परत चार पावलं. “आत जाऊन सांग.”

सूर्य बुडाल्यावर, मगरिबच्या अजानला त्यांनी दादीच्या खोलीत थाळा मांडायला लावला. दादी नको म्हणत होती. त्यांनी खजूर उचलला, बी काढली आणि तिच्या तोंडाशी धरला. मुनाफ दारात उभा होता. थोड्या वेळाने तोही येऊन बसला.

उलटा फोटो दुसऱ्या दिवशी बावखलात थंडा केला, जुने पाक कागद करतात तसा. पाण्यात सोडायच्या आधी दादीने तो एकदा मागून घेतला.

“आयतीचं सोड,” ती म्हणाली, “पण यात हात किती चांगला दिसतोय गो माझा.”

काठावर रेजिना उभी होती. ती हसली, मग दादीही हसली.

दादीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिची तसबीह माझ्याकडे आहे. पहाटे फजरच्या नमाजनंतर मी रोज ती घेते. पहिला मणी डाव्या हाताने ओढते आणि मग उजव्यात घेते. सुना एकदा म्हणाल्या, अम्मी, हे असं कुठे सांगितलंय? मी म्हटलं, कुठे नाही. सवय आहे.